मापाला दिलेली पँट

कपड्यांच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही, हे आधीच सांगून टाकते. स्वयंपाकात ऐकते, गाडी चालवताना नवऱ्याचं नाइलाजाने ऐकते, लेकीचं तर हल्ली फारच ऐकते. पण कोणत्या पँटवर काय घालायचं हे मला कोणी शिकवू नये. सांता क्लारात आमचा पंधरा-वीस मराठी बायकांचा ग्रुप आहे. त्यात कोणाचा इंटरव्ह्यू असो की कोणाच्या मुलाचं ग्रॅज्युएशन, आदल्या संध्याकाळी मला आरशातला फोटो येतो आणि खाली प्रश्न असतो, हे चालेल का. बहुतेक वेळा चालत नाही. मी तसं स्पष्ट लिहिते. बायका दोन दिवस रुसतात आणि पुढच्या वेळी पुन्हा मलाच फोटो पाठवतात.

इथला उन्हाळा फसवा आहे. नागपूरहून नवीन आलेली पोरगी जून म्हटल्यावर बिनबाह्यांचे सुती टॉप भरून आणते आणि पहिल्याच सकाळी बसस्टॉपवर काकडते. आठ वाजता इथल्या मापात पंचावन्न अंश असतात, म्हणजे आपल्याकडचे बारा-तेरा. दुपारी पार्किंग लॉटमध्ये ऊन चटचटतं. ऑफिसात एसी असा की बोटं टाइप करायला तयार नसतात. पाच वाजता पुन्हा वारा सुटतो. मी नागपूरला फोनवर थंड उन्हाळा असं म्हणाले तेव्हा माझी वहिनी हसली होती. तिच्याकडे त्या दिवशी कूलरही गरम हवा फेकत होता, तिने काय करावं.

या असल्या उन्हाळ्याला माझं उत्तर म्हणजे रुंद पायांची पँट, जिला इथे सगळे वाइड लेग म्हणतात. पाय झाकलेले राहतात, आत हवा खेळते, बसलं तरी गुडघ्याला आवळत नाही. पण ती घालायची अक्कल लागते. खाली घेर असेल तर वर आटोपशीर हवं. खाली घेर, वर घेर आणि गळ्यात ओढणी, असं केलं की बाई दिसतच नाही, नुसता कपडा चालत येतो. शर्ट खोचायचा, निदान पुढून तरी खोचायचा. कंबर कुठे आहे ते समोरच्याला कळू द्यायचं. एक पांढरा शर्ट, दोन जाड विणीचे टी-शर्ट, पातळ लोकरीचं कार्डिगन, डेनिमचं जॅकेट, आणि ऑफिसच्या खुर्चीवर कायमची एक शाल. पँट तीन, यंदासाठी ठरवलेल्या नेव्ही, राखाडी आणि बिस्किटी. एवढ्यावर माझा जून ते सप्टेंबर निघतो आणि रोज सकाळी कपाटासमोर उभं राहायला मला दोन मिनिटं लागतात.

सगळ्यात महत्त्वाची लांबी. रुंद पँट जमिनीला टेकली की झाडू होतो आणि चार बोटं वर गेली की शाळेचा गणवेश. बुटाच्या टाचेच्या मध्यावर ती थांबली पाहिजे. माझी उंची पाच फूट एक इंच. इथल्या दुकानातली प्रत्येक पँट माझ्यापेक्षा कोणीतरी उंच बाई डोळ्यांसमोर ठेवून शिवलेली असते. त्यामुळे नवी पँट घेतली की ती आधी कापावी लागते. गेल्या हिवाळ्यापर्यंत माझ्या पँटला एकाच माणसाची कात्री लागली होती, माझ्या आईची.

आईचं शिवण म्हणजे आमच्या नागपूरच्या वस्तीत शेवटचा शब्द होता. समोरच्या खोलीत मशीन, भिंतीवर निळ्या कोटातला तो फोटो, त्याच्याखाली ब्लाउज टांगलेली दोरी. आई म्हणायची, त्या फोटोसमोर वाकडी शिवण चालणार नाही. घरचं काम सांभाळून तिने वीस वर्षं विहारात मुलींचा शिवणवर्ग चालवला. त्या वर्गात तिचा एक नियम होता. कपडा शिवून झाला की तो दुसऱ्या मुलीच्या हातात द्यायचा आणि तिने त्यातली चूक शोधून तिच्यावर बोट ठेवायचं. बोट ठेवल्याशिवाय कपडा पास होत नसे. छान झालंय म्हणून कोणी सुटका करून घ्यायला गेलं, तर आई तिला उठवून मागे बसवायची. मीही त्याच वर्गात बसले. शिवण मला आलं नाही, बोट ठेवणं मात्र पक्कं आलं.

तर गेल्या हिवाळ्यात सेलमध्ये मी त्या तीन पँट घेतल्या. प्रत्येकीची लांबी अडीच इंच जास्त होती. आमच्या कॉम्प्लेक्समधल्या एक काकू पुतण्याच्या लग्नाला नागपूरला निघाल्या होत्या. इथून भारतात जाणाऱ्या माणसाच्या बॅगेवर चार घरांचे डोळे असतातच. मी तीन पँट त्यांच्याकडे दिल्या आणि सोबत मापाला माझी जुनी काळी पँट दिली, जिची लांबी अगदी बरोबर होती. आईला फोन केला. मी ऑफिसच्या गडबडीत होते. म्हटलं, आई, एक काळी पँट पाठवलीय, तिन्ही अगदी तिच्यासारख्या करून दे.

ती काळी पँट पायाला चिकटून बसणारी होती.

आता हे वाचणाऱ्या शिवणाऱ्या बायकांना पुढचं कळलं असेल. मला दोन महिने कळलं नाही. काकू परत आल्या, पिशवी दिली, मी घरी येऊन उत्साहाने नेव्ही पँट झटकली आणि हातात आला चुडीदार. गुडघ्यापासून खाली निमुळती, टाचेशी जेमतेम पाऊल जाईल एवढी. राखाडीही तशीच, बिस्किटीही तशीच. लांबी मात्र केसाइतकीही चुकलेली नव्हती. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की विचारू नका. नवरा म्हणाला, त्यात काय, अशाच घाल. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो भाजी आणायला निघून गेला.

रागाचा पहिला भर ओसरला आणि मग मला आईची दया आली. हीच माझी चूक. मला वाटलं, सत्तरी ओलांडली, डोळ्याचं ऑपरेशन होऊन वर्षही झालं नाही, तरी बिचारीने तीन पँट बसून शिवल्या. आता तिला काय सांगायचं. त्या संध्याकाळी तिचा फोन आला तेव्हा मी म्हटलं, छान झाल्यात. पुढच्या आठवड्यात तिने पुन्हा विचारलं, घालतेस का, आणि मी पुन्हा म्हटलं, हो, छान झाल्यात. तिने फोटो मागितला. मी ऑफिसच्या टेबलाआड बसून कमरेवरचा फोटो काढला आणि पाठवला. तिन्ही पँट सुटकेसमध्ये घालून ती मी कपाटात वर टाकली आणि तोंड मिटून बसले. जगाला तोंडावर सांगणारी मी, आईला सांगताना शेपूट घातली.

जूनमध्ये आई आमच्याकडे आली. विमानतळावर व्हीलचेअरमधून ती बाहेर आली तेव्हा तिच्या गळ्यात पासपोर्टची एक नवी पिशवी अडकवलेली होती. पिशवी राखाडी आणि बिस्किटी तुकड्यांची, आणि बंद नेव्ही रंगाचा, चांगला रुंद आणि लांबलचक. मी कापड ओळखलं. आई कातरलेला एकही तुकडा वाया घालवत नाही. मी तिच्या पाया पडले आणि पिशवीबद्दल काही बोलले नाही. तीही बोलली नाही.

चौथ्या दिवशी चहा पिताना तिने साधेपणाने सांगितलं की ती मशीन विहारातल्या वर्गाला देऊन टाकणार आहे. आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो, त्या दिवशी वर्ग चालवणारी तिची जुनी विद्यार्थिनी येऊन मशीन घेऊन जाईल, वहिनीला तसं सांगून ठेवलं आहे. मी म्हटलं, आणि तू काय करशील. ती म्हणाली, टीव्ही बघेन. माझ्या आईने आयुष्यात सलग अर्धा तास टीव्ही बघितलेला नाही. मी कारण विचारलं तर म्हणाली, आता हातात राहिलं नाही. मी म्हटलं, डॉक्टरांनी तर डोळे एकदम ठीक सांगितलेत. तर ती म्हणाली, डॉक्टरला काय शिवण कळतं.

मशीन त्या खोलीतून जाणार म्हटल्यावर मी कप खाली ठेवला. त्या मशीनवर माझी इंजिनिअरिंगची चार वर्षं शिवून निघाली होती. पण ते नंतरचं झालं. मुख्य म्हणजे मशीन नसलेली आई मला डोळ्यांपुढे आणताच येईना. मी वहिनीला फोन केला. ती म्हणाली, मार्चपासून आईंनी शेजारच्यांचे ब्लाउजही परत केले, कोणाचं काम घेत नाहीत, शिवलेलं उसवतात आणि पुन्हा पुन्हा बघत बसतात. मार्चपासून, असं ती दोनदा म्हणाली. काकू परत आल्या होत्या त्या फेब्रुवारीच्या शेवटी. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. स्वतःला हुशार समजणाऱ्या माणसाचं हे असं असतं.

दोन आठवडे मी तिला समजावत राहिले आणि ती ऐकून घेत राहिली. पौर्णिमा जवळ येत चालली. शनिवारी मी ठरवलं, तिला जरा बाहेर काढू, सॅन फ्रान्सिस्कोला समुद्रावर नेऊ. तिला मी नीट तयार केलं. जाड सुती साडी, आत गरम बनियन, वरून माझं कापूस भरलेलं जॅकेट, पायात मोजे. तिने आरशात बघून मान हलवली पण हरकत घेतली नाही. मी माझी आणखी एक रुंद पँट घातली, जी मी मुकाट्याने इथल्याच दुकानात लांबी कमी करून घेतली होती, वर पांढरा शर्ट आणि डेनिमचं जॅकेट. आईने गाडीत बसताना माझ्या पायांकडे एकदा बघितलं आणि काच वर केली.

किनाऱ्यावर धुकं होतं आणि वारा कानात शिरत होता. आम्ही बाकावर बसलो. माझी पंधरा वर्षांची लेक सगळ्यांसाठी हॉट चॉकलेट आणायला गेली आणि परत आली तेव्हा तिच्या जीन्सची खालची बाजू ओली झाली होती. तिची जीन्स म्हणजे काय सांगू, दोन पाय एका नळीत मावतील अशी. आईने न राहवून ती टोकाला चिमटीत धरली आणि म्हणाली, घरी गेल्यावर काढून दे, बारीक करून देते, कोणाची घालून आलीस ही. लेक हसली आणि तिने नेहमीप्रमाणे इंग्रजीतच सांगितलं, "नो आजी, इट्स सपोज्ड टू बी लाइक दॅट. एव्हरीवन वेअर्स देम."

आईला इंग्रजी चांगलं कळतं. तिने चिमूट सोडली आणि समोर बघायला लागली. समोरून माणसं जात होती. बाबागाडी ढकलणारी एक बाई, तिची पँट लिननची आणि रुंद. कुत्रा घेऊन जाणारी माझ्या वयाची एक, तिचीही रुंद. दोन कॉलेजच्या मुली, दोघींचीही. आईने कपातला एक घोटही घेतला नाही. ती फक्त पाय बघत होती, वर्गात बसून मुलींचे हात बघायची तशी. मग तिने गळ्यातल्या पिशवीचा नेव्ही बंद हातात घेतला आणि त्यावरून अंगठा फिरवला.

लेकीला मी समोर पाण्यातले सील प्राणी बघून ये म्हणून पाठवून दिलं.

"त्या तीन पँट तुला अशा पाहिजे होत्या?" आईने विचारलं.

मी हो म्हटलं. मग सगळंच सांगितलं. काळी पँट फक्त लांबीच्या मापाला दिली होती, बोलताना मी घाईत होते, अगदी तिच्यासारख्या कर असं मीच म्हणाले, त्या तिन्ही सुटकेसमध्ये आहेत, फोटोत मी टेबलामागे का बसले होते. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही, हेही सांगितलं. ते वाक्य तोंडातून बाहेर पडतानाच मला त्याची लाज वाटली.

आईने हातातला बंद सोडला. मग तिने माझ्याकडे बघितलं. ती चिडलेली होती. माझ्यावर ती अशी चिडलेली मी दहावीनंतर पहिल्यांदा बघितली.

"काहून नाही सांगितलंस?" ती म्हणाली. "तू जन्मात मला नुसतं छान म्हटलं नाहीस. काहीतरी काढतेसच. या वेळी दोनदा छान म्हटलंस, फोटो कमरेवरचा पाठवलास. मी समजून गेले की बिघडलं आहे. काय बिघडलं ते कळेना. तिन्ही पँट डोक्यात पुन्हा पुन्हा शिवल्या मी. चूक सांगितली असतीस तर ती एक चूक राहिली असती, बेटा. तू सांगितली नाहीस, म्हणून मला वाटलं, हातच गेला माझा."

मला कोणी मुस्काटात मारली असती तरी बरं वाटलं असतं. चार महिने ही बाई त्या खोलीत बसून स्वतःचंच शिवण उसवून बघत होती. मशीन घरातून चालली होती ती माझ्या चांगुलपणामुळे. मी रडले. आईने मला रडू दिलं, रुमाल दिला नाही, आणि ते बरोबरच होतं. थोड्या वेळाने ती म्हणाली, कॉफी थंड झाली. ते हॉट चॉकलेट होतं, पण मी काही दुरुस्ती केली नाही.

घरी आल्यावर तिने जॅकेटसुद्धा काढलं नाही. सुटकेस खाली काढायला लावली. तिन्ही पँट पलंगावर ओळीने ठेवल्या, उलट्या केल्या, आणि चष्मा वर करून, मग खाली करून, एकेक शिवण नखाने तपासत गेली. मी दारात उभी होते. नेव्ही पँटच्या शेवटच्या टोकाला पोचल्यावर ती नवल वाटून म्हणाली, शिलाई तर चांगली आहे. मग राखाडी बघितली, मग बिस्किटी, आणि प्रत्येकीनंतर तेच म्हणाली. नंतर जरा तोऱ्यात म्हणाली की मापाला जो कपडा येतो तोच गिऱ्हाइकाचा हुकूम असतो, तिने तर बरोबरच शिवलं होतं. मी म्हटलं, हो आई, चुकलं ते गिऱ्हाईक.

मग ती कामाला लागली. राखाडी आणि बिस्किटीचे तुकडे पिशवीत कापून गेले होते, त्यांचं काही होणार नव्हतं. पण बंद करायला तिने नेव्ही पँटच्या लांब पट्ट्या कापल्या नव्हत्या, नुसत्या दुमडून शिवल्या होत्या. तो बंद उसवला तर चार लांब तिकोनी पट्ट्या निघाल्या, वर टोकदार, खाली रुंद. तिने त्या पँटच्या शेजारी मांडल्या. जसंच्या तसं जोडलं तर शिलाईत कापड जाऊन घेर कमी पडणार होता. दोन मिनिटं विचार करून ती म्हणाली, कळी घालू. कुर्त्याला बाजूने घालतो तशी. दोन पट्ट्या जोडून एक कळी, एका पायाला एक, बाहेरच्या बाजूने गुडघ्यापासून खाली.

माझ्या घरात मशीन नाही. आई म्हणाली, हाताने करते. माझ्याकडे सुईदोऱ्याचा डबा म्हणून जे काही होतं ते बघून तिने माझी कीव केली. मग आम्ही दुकानात जाऊन नेव्ही दोरा, सुया आणि खडू आणला. पुढचे तीन दिवस ती सकाळी दहाला धुकं विरलं की बाल्कनीत खुर्ची टाकून बसायची, मांडीवर शाल आणि शालीवर पँट. आधी लांब टाक्यांनी धावदोरा घालून कळी धरून ठेवली, मग बारीक उलटी टीप. मी घरून काम करत होते. मीटिंगच्या मधे मी बाहेर डोकावले की ती सुई वर धरून एका झटक्यात दोरा ओवताना दिसायची. पहिल्या दिवशी मी ओवून देऊ का म्हणून विचारलं, तर तिने डबा माझ्यापासून लांब सरकवला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सात वाजता पँट झाली. पौर्णिमेला दोन दिवस राहिले होते. मी घातली. वर पांढरा शर्ट खोचला आणि हॉलमध्ये येऊन उभी राहिले. मी खरंच सांगते, दुकानातून आणली तेव्हाही ती इतकी देखणी नव्हती. पाऊल टाकलं की बाहेरच्या बाजूने कळी उघडायची आणि थांबलं की मिटून सरळ उभी राहायची. लेक सोफ्यावरून म्हणाली, "आजी, कॅन आय हॅव वन?" नवऱ्यानेही शहाणपणाने मान डोलावली.

आई दोन हात मांडीवर ठेवून बसली होती. तिने त्या दोघांकडे लक्ष दिलं नाही. ती माझ्याकडे बघत होती आणि मला कळलं की ती वाट बघते आहे. मशीनचं काय होणार ते आता माझ्या बोलण्यावर होतं.

माझ्या जिभेच्या टोकावर छान हे उत्तर आलं होतं. ते मी परत गिळलं. आरशासमोर गेले. समोरून बघितलं, बाजूने बघितलं, मागे वळून बघितलं, बूट घालून पुन्हा बघितलं. कळीचं टोक दोन्हीकडे एकाच उंचीवर होतं. टाके दिसत नव्हते. मग मी खाली वाकले. सापडलं. मी डाव्या पायाच्या काठावर बोट ठेवलं.

"डावा पाय पाव इंच लांब आहे," मी म्हटलं.

आई उठली. गुडघे दुखतात म्हणून इतर वेळी ती खाली बसत नाही, पण तेव्हा खाली बसली. टेप लावला, उजवा मोजला, डावा मोजला, आणि पाव इंचच भरला. तिच्या चेहऱ्यावर असा आनंद पसरला की जणू मी तिला पैठणी नेसवली. हाव, आहे, एवढंच ती म्हणाली. मला तिथेच उभी ठेवून तिने काठ उसवला, तोंडात टाचण्या धरल्या, पाव इंच आत घेतला आणि पायात पँट असतानाच शिवून टाकला. माझ्या घोट्याला दोनदा सुई टोचली आणि दोन्ही वेळा तिने हलू नको म्हणून मलाच दम दिला.

मग दोरा दाताने तोडला आणि हात वर करून माझा फोन मागितला. नागपूरला सकाळचे साडेआठ वाजले होते. पलीकडे वहिनी होती.

"मशीन देऊ नको," आई तिला म्हणाली. "त्या पोरीला सांग, मी आल्यावर स्वतः वर्गाला येते. कळीची पँट शिकवायची आहे."